तळ्याकाठच्या फ्लॅटचं इंटिरिअर : आधी पाणी, मग लाकूड

पवई तलावासमोरच्या इमारतींमध्ये मी इंटिरिअरची कामं करते. दर ऑगस्टमध्ये मला ठरावीक फोन येतात. वॉर्डरोब उघडला की कुबट वास येतो. पांढऱ्या मार्बलवर पिवळे ढग आलेत. हॉलमधल्या वेनिअरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) भिंतीला फुगा आलाय. यातलं बहुतेक काम दुसऱ्यांनी केलेलं असतं, पण सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून हे झालंय. घर नवं असतं, साहित्य उत्तम असतं, सुतारही हाताचा चांगला असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. ओलं काम वाळायच्या आत लाकूड घरात आलेलं असतं.

हे मार्गदर्शन तळं दिसणाऱ्या महागड्या फ्लॅटसाठी आहे. पवई डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, पण ठाण्यात उपवनजवळ किंवा पुण्यात पाषाणला घर असेल तरी क्रम हाच ठेवा.

एक गैरसमज आधीच दूर करते. वरळी-वांद्र्याच्या समुद्रासमोरच्या घरांचे सल्ले लोक तळ्याकाठी जसेच्या तसे वापरतात. समुद्राकाठी मुख्य शत्रू खारी हवा, म्हणून तिथे ३१६ ग्रेडचं स्टील लागतं. तळ्याचं पाणी गोडं. इथे बिजागऱ्या आणि स्क्रूंना ३०४ ग्रेड पुरतो, वाचलेले पैसे वॉटरप्रूफिंगवर घाला. इथला त्रास वेगळा आहे : दमट हवा, बुरशी, चिलटं, आणि पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा उजेड.

टप्पा १ : डिझायनरला बोलावण्याआधी घर ओळखा

रिकाम्या घरात होकायंत्र घेऊन जा, मोबाइलमधलं चालेल. कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढा आणि प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर दिशा लिहा.

याचं कारण सांगते. पवईत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या दक्षिणेकडच्या इमारतींमधून तलाव उत्तरेच्या अंगाला दिसतो. सगळा खर्च, सगळं लक्ष त्या उत्तरेच्या काचेकडे जातं. पण मुंबईचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे ओल धरणारी भिंत बहुतेक वेळा तळ्याकडची नसतेच. ती असते मागच्या बेडरूमची, जिथे आपण बेधडक पूर्ण भिंतभर वॉर्डरोब लावतो.

मग भिंती हाताने तपासा. तळहात सपाट ठेवा. शेजारच्या आतल्या भिंतीपेक्षा गार लागली तर पेन्सिलने खूण करा. खिडकीच्या खालचे दोन कोपरे, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि छतात बीम जिथे भिंतीला भेटतो ती रेघ या तीन जागा सोडू नका. पुट्टीचे पापुद्रे सुटलेत का, मिठासारखा पांढरा लोणा धरलाय का, ते पाहा. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर घ्या. प्लास्टरवर त्याचा आकडा अचूक मानू नका, तुलना करा. आतल्या कोरड्या भिंतीचा आकडा आधी घ्यायचा, मग बाहेरच्या भिंतीचा.

ओल सापडली तर त्यावर प्लाय ठोकून मोकळे होऊ नका. फोटो काढा, बिल्डरला लेखी कळवा, पोच घ्या. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायची जबाबदारी बिल्डरची आहे. इंटिरिअर सुरू झाल्यावर हेच पत्र दिलं की ‘तुमच्याच माणसांनी तोडफोड केली’ हे उत्तर ठरलेलं.

> सावध : बीम, कॉलम आणि स्लॅबला हात लावायचा नाही. बाथरूम सरकवून खालच्या घराच्या बेडरूमवर आणायचं नाही. बाल्कनी काचेने बंद करायची कल्पना मनातून काढून टाका. इमारतीचं बाहेरचं रूप बदलायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि तळ्याकाठच्या घराचा श्वासच त्या बाल्कनीतून चालतो.

सोसायटीची ना हरकत, अनामत रक्कम, कामाच्या वेळा, लिफ्टला प्लाय लावायचा नियम आणि रॅबिट (तोडफोडीचा मलबा) कुठे टाकायचं, हे सगळं याच टप्प्यात लेखी घेऊन ठेवा.

टप्पा २ : कॅलेंडर आधी, मूड बोर्ड नंतर

माझा आग्रह असतो की काम दसऱ्यानंतर सुरू करायचं आणि एप्रिलअखेर संपवायचं. ताबा मेमध्ये मिळाला तरी घाई करू नका. रिकाम्या घरात एक पावसाळा काढणं हा सर्वांत स्वस्त सर्व्हे आहे. जुलैच्या झडीत दर आठवड्याला एकदा जाऊन कुठे ओल उमटते ते खडूने भिंतीवर लिहून ठेवा, तारखेसकट. ऑक्टोबरमध्ये ही भिंत जे सांगते ते कोणताही कन्सल्टंट सांगू शकत नाही.

ज्यांना थांबता येत नाही, त्यांनी निदान एवढं पाळावं : जून ते सप्टेंबर घरात पॉलिश, वेनिअर आणि लाकडी फरशीचं काम नको. तोडफोड, प्लंबिंग, वायरिंगच्या लायनी एवढंच पावसाळ्यात करा.

कामाचा क्रम मी असा लावते : खिडक्या, बाथरूम, भिंतीतल्या व छतातल्या लायनी, फरशी, वाळवण, छत, सुतारकाम, पॉलिश आणि रंग, शेवटी दिवे-पडदे. वाळवण हा त्यात स्वतंत्र टप्पा आहे आणि वेळापत्रकात त्याला तारखा द्यायच्या. त्या लिहिल्या नाहीत तर कॉन्ट्रॅक्टर ते दिवस सुतारांना देऊन टाकतो.

टप्पा ३ : खिडक्या आणि सरकदारं

घरात दुसरं काहीही करायच्या आधी पाणी बाहेर अडलं पाहिजे.

प्रत्येक सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. रुळात साचलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. प्लास्टरवाले, रंगारी आणि मार्बलवाले या तिघांच्या हातून ती हमखास बुजतात. लोखंडी तार घेऊन प्रत्येक भोक मोकळं करा. मग रुळात तांब्याभर पाणी ओता. पाणी अर्ध्या मिनिटात बाहेर गेलं पाहिजे. आत वळलं किंवा तसंच उभं राहिलं तर चौकटीचा ढाळ चुकलाय, तो आत्ताच दुरुस्त होईल, फरशी झाल्यावर नाही.

दुसरी परीक्षा पाइपाची. बाल्कनीत किंवा सुरक्षित उभं राहता येईल तिथे एक जण बाहेरून चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर पाण्याचा फवारा मारेल, खालून वर जाईल. आतल्या माणसाने कोरड्या टिश्यूने कोपरे पुसत राहायचं. टिश्यू भिजला की थांबा. गळती नेमकी कुठल्या उंचीवर आहे ते तेव्हाच कळतं. बाहेरून पोहोचता येत नसेल अशा खिडकीपाशी स्वतः लटकायचं धाडस करू नका, सोसायटीच्या माणसांकडून दोर-झुल्यावरून करून घ्या.

चौकट आणि भिंत यांच्यामधली फट न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनने भरायची. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन स्वस्त असतं, पण ते मार्बलच्या सिलला आणि धातूला त्रास देतं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून, मगच नवं. ओल्या कडेवर ते धरत नाही. बाहेरच्या सिलला बाहेरच्या बाजूला उतार आणि खालच्या अंगाला पाणी तुटायची खाच हवी.

याच टप्प्यात खुर्ची टाकून बसा. साधी प्लास्टिकची खुर्ची सोफ्याच्या जागी ठेवा आणि तळ्याकडे पाहा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १ मीटर किंवा त्याहून थोडा वर असतो. अनेक घरांत रेलिंगचा वरचा जाड पाइप नेमका तिथेच येतो आणि पाणी मधोमध कापलं जातं. रेलिंगची उंची सुरक्षेसाठी ठरलेली आहे, ती कमी करायची नाही. सोफा पुढे-मागे करा किंवा बैठकीची उंची २ इंच बदला. हा निर्णय आज घेतला तर फुकट आहे.

टप्पा ४ : बाथरूम आणि किचनचं वॉटरप्रूफिंग

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात, आणि नंतर सगळ्यात जास्त इथेच फोडावं लागतं. म्हणून सावकाश लिहिते.

१. जुन्या लाद्या आणि भर काढून स्लॅब उघडा करा. झाडून नाही, धुऊन स्वच्छ करा. पोकळ वाजणारं प्लास्टर काढा.

२. सगळे पाइप आधी बसवा. नहाणी ट्रॅप, कमोडचा पाइप, भिंतीतले नळ, सगळे. वॉटरप्रूफिंगनंतर एकही नवं भोक पाडायचं नाही. ‘ताई, फक्त एक जेट स्प्रेचा पॉइंट राहिलाय’ हे वाक्य ऐकलं की ते काम थांबवा आणि तो थर पुन्हा करून घ्या.

३. पाण्याच्या लायनींना पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला नसावा.

४. जमीन आणि भिंत जिथे भेटते तिथे मसाल्याचा गोल वाटा मारा, म्हणजे कोपरा गोलसर भरून घ्या. काटकोनात लावलेला थर कोपऱ्यातच चिरतो.

५. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात, एक आडवा, दुसरा उभा. दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. शॉवरच्या भिंतींवर लेप ६ ते ७ फूट वर न्या, बाकी भिंतींवर निदान १ फूट. दाराच्या उंबऱ्याखालीही.

६. ट्रॅपचं तोंड फुगा किंवा सिमेंटच्या गोळ्याने बंद करून ४ इंच पाणी भरा. ४८ तास. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ ओढा आणि फोटो काढा.

७. खालच्या घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाथरूमचं छत स्वतः जाऊन पाहा. खालच्या काकू ‘काही नाही गं’ म्हणाल्या तरी बॅटरी घेऊन पाहा.

> तपासा : ४८ तासांनी पातळी थोडी खाली येते, बाष्पीभवनाने. बोटभर खाली आली तर कुठेतरी वाट आहे. लेप पुन्हा, पाणी पुन्हा. या एका परीक्षेत सूट देऊ नका.

लाद्या बसवताना ढाळ १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्तच ठेवा. मोठ्या आकाराच्या लाद्या किंवा पूर्ण स्लॅब बाथरूमच्या जमिनीला सुंदर दिसतात, पण त्यांना चहूबाजूंनी ढाळ देता येत नाही. मोठीच लादी हवी असेल तर एका भिंतीलगत लांब पन्हळीची जाळी घ्या आणि सगळी जमीन एकाच दिशेला उतरवा. बाथरूमच्या छताला पीओपी किंवा साधा जिप्सम बोर्ड नको, कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड घ्या. एक्झॉस्ट पंखा बाहेरच्या हवेत उघडतोय ना, हेही पाहा. छताच्या पोकळीत उघडणारे पंखे मी स्वतः काढलेत.

टप्पा ५ : वायरिंग आणि एसीच्या लायनी

वायरिंगबद्दल एकच : बाल्कनी आणि बाथरूमच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. बाकी चांगला इलेक्ट्रिशियन करतो.

एसीकडे मात्र स्वतः लक्ष द्या. जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक गोष्टीला घाम फुटतो. गार गॅसचा तांब्याचा पाइप जिथे उघडा राहील तिथे थेंब पडणार, आणि तो थेंब तुमच्या जिप्समच्या छतावर पडणार. इन्सुलेशनच्या नळीचे सांधे एकमेकांना भिडवून चिकटवलेले हवेत, नुसती टेप गुंडाळलेली नको. पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेन पाइपलाही इन्सुलेशन हवं, हे बहुतेक जण विसरतात.

> तपासा : छत बंद व्हायच्या आधी प्रत्येक एसीच्या ड्रेनमध्ये बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच येतंय का ते पाहा. तांब्याच्या लायनींना नायट्रोजनचा दाब देऊन २४ तास ठेवा. छताला एसीजवळ उघडता येणारं दार ठेवा, ‘डिझाइन बिघडतं’ म्हणून ते गाळू देऊ नका.

टप्पा ६ : मार्बल

इटालियन मार्बल घ्यायचं ठरलं असेल तर गोदामात स्लॅब उभे असतानाच त्यांना नंबर घाला आणि फोटो काढा. घरात आल्यावर मसाल्याशिवाय कोरडं मांडून पाहा. शिरा कशा जुळतात ते तेव्हा ठरवायचं. मुख्य दारातून आत आल्यावर तळ्याकडे जाणारी नजर जिथे पडते, त्या पट्ट्यात सर्वांत चांगला स्लॅब टाका. डागाचा तुकडा बेडच्या खाली.

पांढऱ्या आणि फिक्या मार्बलखाली पांढऱ्या सिमेंटचा किंवा पांढऱ्या ॲडेसिव्हचा थर हवा, राखाडी सिमेंटची सावली वर येते. मागच्या बाजूला इपॉक्सीने जाळी चिकटवलेली असते, तिच्यावर ॲडेसिव्ह धरेल असाच प्रकार निवडा.

आता ती चूक सांगते, जिच्यामुळे निम्मे फोन येतात. मार्बल बसवून झालं की दुसऱ्याच दिवशी त्यावर प्लास्टिक अंथरून पीओपीचा थर ओततात, म्हणजे सुतारांच्या कामात चरे पडू नयेत. हेतू चांगला आहे. पण खालच्या मसाल्यात पाणी असतं. ते वर यायची एकच वाट असते, दगडातून. वर प्लास्टिक बसलं की वाफ तिथेच अडकते, दगडातलं आणि मसाल्यातलं लोह गंजतं आणि तीन महिन्यांनी पीओपी उचलला की पिवळे ढग दिसतात. कितीही पॉलिश मारा, ते जात नाहीत.

म्हणून मार्बल बसवल्यावर निदान ३ आठवडे उघडं ठेवा. खिडक्या उघड्या, पंखे चालू, वर चालायला बंदी. मगच झाकायचं. शेवटचं पॉलिश सगळं काम उरकल्यावर.

लाकडी फरशी बेडरूममध्ये हवी असेल तर अस्सल लाकडापेक्षा थरांची इंजिनिअर्ड घ्या. खोके घरात आणून ३ दिवस आडवे ठेवा, मग उघडा. चारही भिंतींपासून ८ ते १० मिलिमीटर फट सोडा, ती स्कर्टिंगखाली लपते. फट नसेल तर पावसाळ्यात फळ्या फुगून मधे उंचवटा येतो.

टप्पा ७ : वाळवण

या टप्प्यात काहीच घडताना दिसत नाही, म्हणून घरमालक अस्वस्थ होतात आणि कॉन्ट्रॅक्टर फोन करून दुसऱ्या साइटवर जातो. थांबा.

नवीन सिमेंट प्लास्टरवर रोज पाणी मारून ७ दिवस पिकवायचं आणि त्यानंतर एकूण ४ आठवडे होईपर्यंत त्यावर पुट्टी, रंग किंवा प्लाय नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी असते, तेव्हा हे ४ आठवडे खरोखर उपयोगी पडतात. ऑगस्टमधले ४ आठवडे नुसते कॅलेंडरवरचे.

परीक्षा सोपी आहे. २ फूट बाय २ फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, भिंतीला आणि जमिनीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी पाहा. आतून थेंब जमले असतील किंवा खालचा भाग गडद झाला असेल तर अजून पाणी आहे. ही परीक्षा पश्चिम-दक्षिणेच्या भिंतीवर आणि बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर कराच. प्लास्टिक कोरडं निघाल्याशिवाय सुताराला चावी देऊ नका.

टप्पा ८ : सुतारकाम

छताचा सांगाडा आणि बोर्ड आधी, मग फर्निचर.

प्लायचा ग्रेड बिलावर आणि प्लायच्या कडेच्या शिक्क्यावर, दोन्हीकडे पाहा. किचन, बाथरूमची व्हॅनिटी आणि बाहेरच्या भिंतीला लागणारं सगळं फर्निचर आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायमध्ये. आतल्या कोरड्या भिंतींना आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) चालतो. एमआर (फक्त दमटपणाला टिकणारा) ग्रेड या घरात आणू नका, दिवाणाच्या आतल्या पट्टीलासुद्धा. शंका आली तर तळहाताएवढा तुकडा कापून कुकरशेजारी पातेल्यात ८ तास उकळा. थर सुटले तर सगळा माल परत. मरीनच्या मानकात ७२ तास उकळून पाहतात, त्यापुढे आपली परीक्षा सौम्यच आहे.

सागवान किंवा इतर लाकूड आलं की पिनांच्या यंत्राने ओलावा मोजा. मुंबईत १२ टक्क्यांच्या आसपास चांगलं. १५ च्या वर गेलेलं लाकूड घेऊ नका, ते घरात बसून वाळेल आणि वळेल.

वॉर्डरोबचा पाठचा फळा बाहेरच्या भिंतीला चिकटवायचा नाही. मागे २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा, खाली स्कर्टिंगमध्ये आणि वर छताजवळ हवेसाठी भोकं. खालची पट्टी प्लायची न करता डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची) करा, रोजच्या ओल्या पोछ्याने प्लाय आधी खालूनच कुजतो. दाराच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवं. बाहेरून १ मिलिमीटर आणि आतून नुसता रंग असं केलं की एक बाजू दमट हवा पिते, दुसरी नाही, आणि ८ फुटांचं दार पहिल्याच पावसात धनुष्यासारखं वाकतं.

एका घरात ही मोकळी जागा मी सोडली नव्हती. खोली लहान होती, १ इंच वाचवायचा होता. दुसऱ्या पावसाळ्यात त्या बाईंनी मला बोलावून वरच्या कप्प्यातली पैठणी दाखवली. घडीच्या आतल्या बाजूला, जरीच्या काठाशेजारी, राखाडी ठिपके पसरले होते. त्यांच्या आईची होती ती. साडीमागचा फळा हाताला गार आणि मऊ लागला, नखाने दाबला तर नख आत गेलं. तो वॉर्डरोब मी माझ्या खर्चाने बदलून दिला, पैठणीचं काही करता आलं नाही. तेव्हापासून कोणी कितीही आग्रह केला तरी तो १ इंच मी सोडते.

> सावध : दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतींवर वॉलपेपर, कापडी पॅनल किंवा थेट चिकटवलेलं वेनिअर नको. भिंतीला श्वास घेता येत नाही आणि बुरशी मागच्या बाजूने वाढते, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

टप्पा ९ : पॉलिश आणि रंग

दमट दिवशी मारलेल्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते, धुक्यासारखी. म्हणून फवारणीच्या दिवशी सकाळी हवेतली आर्द्रता पाहा आणि ७० टक्क्यांच्या वर असेल तर पेंटरला चहा पाजून परत पाठवा. त्या दिवशी घरात झाडणं, मार्बलची घिसाई, काही नको.

चकचकीत की मॅट? तळ्याकडच्या हॉलमध्ये मी मॅट किंवा फार तर सॅटिन सांगते. पाण्यावरून येणारा उजेड छतावर हलत राहतो, ते सुंदर दिसतं. पण समोरच्या भिंतीला आरशासारखं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असेल तर दिवसभर डोळ्यांत चमक येते आणि प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो. टीव्ही काचेच्या बरोबर समोर लावू नका, काटकोनातल्या भिंतीवर लावा. मे ते जुलै सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला मावळतो, त्यामुळे ‘उत्तरेला ऊन येतच नाही’ असं मानून पडदे टाळू नका.

बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूला रंगाचा शेवटचा हात राखून ठेवा. पहिला पावसाळा झाल्यावर मारा. रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर लिहून ठेवा.

टप्पा १० : जाळ्या, दिवे, पडदे, धातू

तळ्याकाठी डासांपेक्षा चिलटं जास्त त्रास देतात, विशेषतः जलपर्णी वाढली की. साध्या जाळीतून ती आत येतात. दुकानातून बारीक विणीच्या जाळीचा तुकडा आणून आठवडाभर एका खिडकीला लावून पाहा, मगच सगळ्या घराची ऑर्डर द्या. बारीक जाळीने वारा कमी होतो, हे मान्य करूनच घ्या. बाल्कनीत पांढरे प्रखर दिवे नकोत. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर, खाली तोंड केलेले, गुडघ्याच्या उंचीवर लावा. चिलटंही कमी येतात आणि रात्री काचेत घराऐवजी तळं दिसतं.

पडद्यांचा गठ्ठा काचेवर न येता भिंतीवर जमला पाहिजे, म्हणून रॉड दोन्ही बाजूंना फूटभर लांब. दोन पदरांसाठी पेल्मेटची (रॉड झाकणाऱ्या पेटीची) खोली ८ इंच धरा.

पितळेच्या मुठी आणि चांदीचं काम इथे लवकर काळवंडतं. कुजणाऱ्या गाळातून आणि सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हे त्यामागचं एक कारण. सोनेरी रंग हवाच असेल तर पीव्हीडी (निर्वातात चढवलेल्या) लेपाचं स्टील घ्या.

टप्पा ११ : पहिला जुलै

कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातले १० टक्के पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायचे, आणि हे करारात कामाआधीच लिहायचं. नंतर सांगितलं तर भांडण होतं, आणि ते रास्तही असतं.

पवई तलाव बहुतेक वर्षी जून-जुलैत भरून वाहू लागतो. ती बातमी आली की त्या आठवड्यात घरभर ही फेरी मारा :

- प्रत्येक वॉर्डरोब उघडून आत डोकं घालून वास घ्या. डोळ्यांआधी नाकाला कळतं.
- मागच्या भिंतीजवळच्या फळ्यांना खालून हात लावा.
- खिडक्यांच्या रुळांतली भोकं पुन्हा तारेने मोकळी करा.
- एसी सुरू करून तासाभराने छताच्या दारातून बॅटरीने आत पाहा, पाइपांना थेंब आहेत का.
- जी दारं एप्रिलमध्ये सहज लागत होती, ती घासतात का ते पाहा. लगेच रंधा मारू नका. ऑक्टोबरपर्यंत थांबा, बरीचशी आपोआप जागेवर येतात. आत्ता घासली तर हिवाळ्यात फट पडेल.
- टप्पा १ मधल्या पेन्सिलच्या खुणांचे जुने फोटो समोर ठेवून त्या जागा पुन्हा तपासा.

पावसाळ्यात एसी २० वर ठेवून घर गार करण्यापेक्षा २५-२६ वर ड्राय मोडमध्ये दिवसातून दोन-तीन तास चालवा. वॉर्डरोबची दारं त्या वेळी उघडी ठेवा. आठवडाभर गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे चावी द्या आणि मध्ये एकदा खिडक्या उघडायला सांगा.

ऑक्टोबरात सगळं कोरडं निघालं की राखून ठेवलेला रंगाचा हात मारून घ्या आणि कॉन्ट्रॅक्टरचे १० टक्के त्याच दिवशी द्या.